ग्रंथालय फोनवर आलं, पण फोन कुणाचा?

(जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या आणि ग्रंथालय-कार्यकर्त्यांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मी काही भाषणं करणारी बाई नाही. गेली बावीस वर्षं तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, फाटलेली चिकटवायची आणि वर्गणी थकलेल्यांच्या मागे लागायचं, हे माझं काम. तुमच्या संघटनेतल्या ताई म्हणाल्या, 'ग्रंथालयं आता मोबाइलवर येताहेत, त्याबद्दल बोला.' मी म्हटलं, बोलते. पण नुसतं कौतुक करणार नाही, माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार. ती चूक सांगितल्याशिवाय माझं म्हणणं तुम्हांला पटायचं नाही.

आधी आमच्या ग्रंथालयाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एस.टी. स्टँडच्या मागे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लांब टेबल आणि त्यावर वर्तमानपत्रं. सकाळी आणि संध्याकाळी तिथं पुरुष बसतात. कुणी पेपर वाचतं, कुणी राजकारणावर बोलतं. आतल्या खोलीत पुस्तकांची कपाटं. एका कपाटावर 'महिला विभाग' अशी पाटी आहे. त्यात पाककृती, भरतकाम, व्रतवैकल्यं आणि थोड्या कादंबऱ्या. म्हणजे बाईनं काय वाचायचं ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं. आणि त्या कपाटापर्यंत पोचायचं तर टेबलाभोवती बसलेल्या दहा-बारा पुरुषांसमोरून जायचं. कुणी वाईट वागतं असं नाही. पण माना वर होतात. 'ही अमक्याची सून ना?' एवढं मनात आलं की बाईचं पाऊल दारातच अडतं. शिवाय वेळ संध्याकाळी पाच ते आठ. आपल्या घरांतली ती चुलीची वेळ.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आज शासनमान्य ग्रंथालयं अकरा हजारांहून अधिक आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की बायांनी येऊ नये. पण न लिहिलेले कायदे जास्त कडक असतात, हे तुम्हांला मी सांगायला नको.

म्हणून फोनची गोष्ट आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बाई ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयानं बाईपर्यंत जावं. हा विचार काही नवा नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी सुरू केली. तिथं पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवत असत. एका गावानं वाचून झालं की पेटी परत जायची, दुसरी यायची. फिरतं ग्रंथालय ते हेच. आज ती पेटी तळहातावर मावते, एवढाच फरक, असं मला वाटलं. फरक त्याहून मोठा आहे हे नंतर कळलं.

फोनवर आज काय काय मिळतं ते आधी सांगते, कारण पुष्कळ जणींना ते ठाऊक नसतं. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड फुकट वाचता येतात. गर्भाशयाच्या आजारापासून जमिनीच्या प्रकारांपर्यंत काहीही शोधा. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली शेकडो पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय त्यांत आहे. खरगपूरच्या आय.आय.टी.नं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली सगळ्या देशासाठी खुलं झालं. शाळा-कॉलेजच्या मुलींना त्याचा चांगला उपयोग होतो. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' आहे. त्याच्याआधी, २०१२ साली, स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तक वेगळ्या रूपात तयार करायला परवानगी मिळाली, म्हणून हे शक्य झालं.

आमच्याकडे एक दृष्टिहीन मुलगी येते. बी.ए. करते आहे. पूर्वी तिची आई तिला पुस्तक वाचून दाखवायची. आई सातवी शिकलेली, दिवसभर शेतात, रात्री वाचता वाचता डुलकी लागायची. आता फोन तिला वाचून दाखवतो. ती मला म्हणाली, 'ताई, पहिल्यांदाच एक पान मला पाहिजे तेवढ्या वेळा ऐकता आलं. आईला चौथ्यांदा वाच असं म्हणवत नव्हतं.' हे एक वाक्य ऐकलं तरी वाटतं, ही सोय प्रत्येक ग्रंथालयात पोचली पाहिजे.

आणि ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' घ्या. १८८२ साली छापलेलं पुस्तक. कित्येक दशकं विस्मरणात गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं आणि मग आपल्या चळवळीनं ते हातोहात नेलं. एखादं पुस्तक नुसतं छापून भागत नाही, ते सापडावं लागतं. आज ते पुस्तक स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे. कुणीही कुणालाही फोनवर पाठवू शकतं. ही लहान गोष्ट नाही.

आता माझी चूक सांगते.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयाचं सगळं काम संगणकावर आलं. सभासदांची नावं, फोन नंबर, कुणी कोणतं पुस्तक नेलं, सगळं त्यात. गावातल्याच एका हुशार मुलानं सोय करून दिली. पुस्तक दिलं की सभासदाच्या फोनवर लगेच संदेश जायचा : 'आपण अमुक पुस्तक नेले आहे, अमुक तारखेपर्यंत परत करावे.' मला त्याचा फार अभिमान वाटला. जिल्ह्याच्या बैठकीत मी ते सांगितलं, टाळ्याही मिळाल्या.

आमच्याकडे एक तरुण बाई यायची. लग्नाला चार वर्षं झालेली, पदरी एक मुलगी. धाकट्या नणंदेला क्लासला सोडायला यायची तेव्हा दहा मिनिटं आत डोकवायची. आधी कादंबऱ्या नेल्या. मग एकदा हळूच विचारलं, 'ताई, ते कायद्याचं काही असतं ना, घरातल्या मारहाणीचं?' मी काही विचारलं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा सोप्या मराठीत समजावून सांगणारं एक पुस्तक होतं, ते दिलं. नोंद केली. संदेश गेला.

तिच्या नावापुढे जो नंबर होता तो तिच्या नवऱ्याचा होता.

मीच लिहून घेतला होता तो. सभासद होताना अर्जात नंबर भरावाच लागे आणि तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. आपल्यातल्या किती बायांचे अर्ज असे भरलेले असतील! रेशनचा, बँकेचा, दवाखान्याचा. नाव बाईचं आणि नंबर त्याचा.

दुसऱ्या दिवशी नवरा ग्रंथालयात आला. आरडाओरडा केला नाही. फोन पुढे धरला आणि म्हणाला, 'मॅडम, हे काय शिकवता तुम्ही बायकांना?' मी काहीतरी बोलले, आता आठवत नाही. पुस्तक आठवड्यानं परत आलं. नणंदेनं कापडी पिशवीत घालून आणलं. ती बाई आली नाही, त्यानंतर कधीच आली नाही. त्या रात्री घरात काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची हिंमतही मला झाली नाही.

काही महिन्यांनी बाजारात भेटली. भाजी घेत होती. मी काही बोलायच्या आतच हळू आवाजात म्हणाली, 'ताई, पुस्तक मला वाचायचंच होतं. तेवढं नाव पाठवायला नको होतं.' आणि गेली.

मैत्रिणींनो, मी बावीस वर्षं हे काम करते. कागदाच्या काळात ही चूक माझ्या हातून झाली नसती. तिनं पुस्तक पदराखाली नेलं असतं आणि पदराखालीच परत आणलं असतं. कार्ड माझ्या ट्रेमध्ये राहिलं असतं. सोय म्हणून जे आणलं, त्यानंच तिला उघडं पाडलं. दोष यंत्राचा नव्हता. यंत्राला काय सांगायचं ते ठरवताना आमच्या डोळ्यांसमोर जो सभासद होता, तो पुरुष होता. ज्याचा फोन त्याच्याच खिशात असतो, जो काय वाचतो ते त्याला कुणी विचारत नाही.

आकडे बघा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के बायांनी सांगितलं की आपण स्वतः वापरतो असा फोन आपल्याकडे आहे. खेड्यांत हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले, हे खरं. पण 'घरात फोन आहे' आणि 'बाईचा फोन आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईचा म्हणतात तो फोनही पुष्कळदा मुलाच्या हातात असतो, सासूला भजनं लावून द्यायला असतो आणि रात्री नवरा उघडून बघतो. कुलूप घातलं तर 'काय लपवतेस?' असा प्रश्न येतो.

म्हणजे मग फोन नको का? नाही, मी तसं अजिबात म्हणत नाही. आमच्या गावातल्या बाळंतिणी, रात्रपाळी करणाऱ्या नर्स, दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुली यांच्यापर्यंत दुसरं काही पोचत नाही. पोचला तर फोनच पोचतो. माझं म्हणणं एवढंच की फोन सामायिक आहे, स्वस्तातला आहे, त्यावर कुणाची तरी नजर आहे, हे धरून चालून सेवा आखली पाहिजे. अशा फोनवरही जी बाईला सांभाळून घेते ती सेवा सगळ्यांना चालते.

त्या प्रसंगानंतर मी कार्यकारी मंडळापुढे विषय नेला. मंडळावर तेव्हा बाया दोनच. एक सदस्य म्हणाले, 'एका बाईसाठी सगळी पद्धत बदलायची का?' मी म्हटलं, एकीचं आपल्याला कळलं, बाकीच्यांचं कळायला मार्ग आहे का? वाद झाला. पण काही गोष्टी मान्य करून घेतल्या. त्या सांगते, म्हणजे तुम्हांला तुमच्या गावात मागता येतील.

पहिली गोष्ट, फोन नंबर देणं ऐच्छिक केलं. नंबर नसेल तरी सभासद होता येतं. आणि नंबर दिला तरी त्यावर संदेश पाठवायचा की नाही ते बाईला वेगळं विचारतो, तेही तिच्या एकटीशी बोलून.

दुसरी, संदेशात पुस्तकाचं नाव घालणं बंद केलं. 'आपल्या खात्याची मुदत संपत आहे' एवढंच जातं. हे करायला एक पैसा लागला नाही. संदेशाचा मजकूर बदलायचा, बस्स.

तिसरी, पुस्तक परत आलं की कुणी नेलं होतं ती नोंद पुसायची. पुस्तक किती वेळा गेलं हा आकडा अनुदानासाठी आणि खरेदीसाठी लागतो, तो राहू द्यावा. पण कुणी वाचलं हे ठेवायची गरज नाही. 'कोहा' नावाची एक प्रणाली आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि सगळ्या जगाला मोफत. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. तीत आपल्या वाचनाची नोंद ठेवायची की नाही हे वाचकाला स्वतःला ठरवू देण्याची सोय आहे. म्हणजे हे अवघड नाही, मनात आणायला हवं. २०२३ साली आपल्या संसदेनं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण कायदा दिल्लीत होतो आणि आमचं रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं. ते आपणच मिटायला हवं.

चौथी, व्हॉट्सअ‍ॅपचा गट मोडला. आम्ही उत्साहानं 'वाचक मैत्रिणी' असा गट केला होता. पण गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. मैत्रिणींच्या फोनमधून ते घरच्या पुरुषांना दिसले आणि एका मुलीला नको ते फोन यायला लागले. आता आम्ही प्रसारण-यादी वापरतो. संदेश एकेकीला वेगळा जातो, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. फक्त तिनं आमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असावा लागतो, नाहीतर संदेश पोचत नाही. कोणत्या नावानं साठवायचा ते तिचं ती ठरवते. एकीनं 'शिलाईवाली' म्हणून साठवला आहे.

पाचवी, साध्या बटणांच्या फोनला विसरलो नाही. दुपारी दोन ते तीन मी फोनवर असते. फोन करून पुस्तक आहे का विचारा, मुदत वाढवा, पुस्तक राखून ठेवायला सांगा. त्याला इंटरनेट लागत नाही, ओटीपी लागत नाही, अक्षर ओळख कच्ची असली तरी चालतं. मागितलेली पुस्तकं आम्ही पेटीत घालून बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीला पाठवतो. बडोद्याच्या पेटीसारखीच! पुस्तकं गटाच्या नावावर जातात, एकेकीच्या नावावर नाही. कुणी काय वाचलं ते गटात राहतं.

आणि सहावी, खोली बंद होऊ दिली नाही. हे फार महत्त्वाचं आहे. मंडळात एक विचार असाही निघाला होता की आता सगळं फोनवर मिळतं, तर आतली खोली भाड्यानं देऊ. मी म्हटलं, ज्या बाईकडे फोनच नाही तिचं काय? ज्या बाईला घरात वाचायला जागा नाही तिचं काय? आता शनिवारी दुपारी बारा ते चार ती खोली फक्त बायांची आणि मुलींची असते. ग्रंथालयाचे दोन फोन तिथं ठेवले आहेत. त्यांवर काय वाचलं याची नोंद राहत नाही. काही जणी नुसत्या येऊन बसतात. एक मावशी म्हणाल्या, 'घरात बसलं की कुणीतरी हाक मारतं. इथं कुणी मारत नाही.' वाचनाची सुरुवात तिथून होते.

आणखी एक अडचण तुमच्या कानावर घालते, कारण ती आपल्यातही आहे. पुष्कळ जणी मला म्हणतात, 'ताई, अमक्या लेखिकेचं नवं पुस्तक पीडीएफ करून पाठवा ना.' मी नाही पाठवत. मराठीत लिहून पोट भरणं मुश्कील, त्यातून बाईनं लिहिणं किती कष्टाचं, ते आपल्याला ठाऊक आहे. तिचं पुस्तक फुकट वाटलं तर आपणच तिचा हक्क मारतो. परदेशांत ग्रंथालयं प्रकाशकांकडून परवाना विकत घेतात आणि ई-पुस्तक उसनं देतात; मुदत संपली की ते फोनवरून आपोआप बंद होतं. मराठी पुस्तकांसाठी अशी सोय शासनानं आणि प्रकाशकांनी मिळून करावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि जे शासनाच्या पैशानं छापलं जातं ते नुसतं पानांचे फोटो काढून टाकू नये. फोटोतली अक्षरं फोनला वाचून दाखवता येत नाहीत, त्यामुळे त्या बी.ए.च्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय फाइल इतकी जड होते की दिवसाचा डेटा एका पुस्तकात संपतो. साध्या युनिकोड अक्षरांत दिलं तर तेच पुस्तक चटकन उतरतं आणि वाचूनही दाखवता येतं.

तुम्ही इतक्या संघटनांच्या कार्यकर्त्या इथं आहात. प्रत्येकीनं आपल्या गावच्या ग्रंथालयात जावं आणि चार प्रश्न विचारावेत. माझा फोन नंबर सक्तीचा आहे का? माझ्या वाचनाची नोंद किती दिवस राहते आणि ती कोण बघतं? ज्या बाईकडे फोन नाही तिच्यासाठी तुम्ही काय करता? आणि कार्यकारी मंडळावर बाया किती? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं की पहिल्या तिन्हींची उत्तरं अशी का, ते आपोआप कळेल. सार्वजनिक ग्रंथालयाच्या मंडळाची निवडणूक होते, मैत्रिणींनो. सभासद व्हा, वर्गणी भरा, उभ्या राहा. ग्रामपंचायतीत जाऊन बसलो, तशा इथंही बसू.

ती बाई अजून आलेली नाही. तिचं सभासदत्व मी रद्द केलेलं नाही. फक्त कार्डावरचा नंबर खोडला आहे. यंदा तिची मुलगी शाळेच्या सुट्टीत शनिवारी दोनदा येऊन गेली. चित्रांचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिला मी कुणाचाच नंबर विचारला नाही.

एवढंच सांगायचं होतं. मी थांबते. तुमचे प्रश्न असतील तर विचारा, आणि तुमच्या गावात आणखी काही वेगळं करून पाहिलं असेल तर ते मला सांगा.